सनरूफचे पैसे परत मिळतात का?

कुणी नवी गाडी बुक करतोय म्हटलं, की मी एकच प्रश्न विचारते : पाच वर्षांनी ही घेणार कोण?

पूर्वी हे सोप्पं होतं. 1983 मध्ये आलेली मारुती 800 विकताना सवाल दोनच. साल कोणतं आणि एसी आहे का? भाव सगळ्या गल्लीला पाठ! 2014 मध्ये ती बंद झाली. मग चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींची रांगच लागली. 2016 मध्ये ब्रेझा, 2017 मध्ये नेक्सॉन, 2019 मध्ये व्हेन्यू, 2020 मध्ये सोनेट. प्रत्येकीची डझनभर व्हेरिएंट्स, वर अधूनमधून फेसलिफ्ट.

आता गंमत अशी, की हुबेहूब तुमच्यासारखी गाडी नुकतीच कितीला गेली, हे सांगणारं कुणी भेटत नाही. मग डीलर खालच्या व्हेरिएंटचा भाव धरतो आणि वर थोडेसे टेकवतो. एका मित्राचं टॉप मॉडेल विकायला मी सोबत गेले होते. डीलरने किलोमीटर बघितले, टायर बघितले. सनरूफकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही!

त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त, की जुनी आणखी स्वस्त.

तेव्हा विकायचा विचार असेल, तर मधलं व्हेरिएंट, खपणारं इंजिन, पांढरा रंग आणि सर्व्हिसची सगळी बिलं. आणि सनरूफ हवंच असेल? सेकंडहॅण्ड घ्या ना! त्याचा ईएमआय आधीच्या मालकाने भरलाय.