बाळाची लघवी काय सांगते?

साखरेच्या आजाराची शंका आली की लघवी तपासतात, हे आता घराघरांत ठाऊक आहे. कावीळ असो की गरोदरपण, लघवीची बाटली दवाखान्यात जातेच. पण आईबापांकडून नकळत बाळाच्या अंगात उतरणारा एक दुर्मिळ आजारही लघवीतून आपली खूण दाखवतो, हे फार थोड्यांना माहीत असते. त्या आजाराचे नाव पॉम्पे रोग. आजच्या सदरात आम्ही त्याचीच माहिती देत आहोत.

आपण भाकरी, भात खातो त्याची साखर होते. जी साखर लगेच खर्च होत नाही, ती शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते; कणगीत धान्य भरून ठेवावे तशी. पेशींच्या आत लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात. त्यांत आलेले ग्लायकोजेन फोडण्याचे काम एक विकर करते. पॉम्पे रोगात हे विकर नसते किंवा फार कमी असते. मग ग्लायकोजेन साचत जाते, स्नायू दुबळे होतात आणि तान्ह्या बाळाचे हृदय मोठे होते. नेदरलँड्सचे डॉ. पॉम्पे यांनी १९३२ साली या आजाराची पहिली नोंद केली. त्यामागे विकराची उणीव आहे, हे बेल्जियमचे डॉ. हेर्स यांनी १९६३ साली दाखवून दिले.

लक्षणे कोणती? बाळ लुळे पडते, मान धरत नाही, अंगावर पिताना थकते, वजन वाढत नाही, धाप लागते. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय मोठे दिसते. उपचार न झाल्यास अशी बहुतेक बाळे पहिल्या वर्ष-दीड वर्षातच दगावतात. काहींना हा आजार मोठेपणी जाणवतो. जिना चढवत नाही, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, उताणे झोपले की श्वास अपुरा पडतो.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? कुणी दृष्ट काढते, कुणी उतारा टाकते आणि शेवटी बोल लागतो तो सुनेला. "हिच्याच पोटी असे मूल कसे?" आम्ही स्पष्ट सांगतो, हा दोष एकट्या आईचा कधीच नसतो. आई व बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते. ते दोघे मात्र स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात आजाराचा धोका चारात एक असतो. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब यात चालत नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक केली तर दोघांत तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

आता लघवीकडे वळू. साचलेल्या ग्लायकोजेनचा काही भाग रक्तात येतो. तेथे त्याचे तुकडे होतात आणि साखरेचे चार कण जोडलेला एक तुकडा लघवीवाटे बाहेर पडतो. तान्हेपणीच्या पॉम्पे रोगात त्याचे प्रमाण बहुधा बरेच वाढलेले असते. मधुमेहासाठी वापरतात त्या पट्टीवर हा तुकडा दिसत नाही. त्याला खास प्रयोगशाळा लागते. निरोगी तान्ह्या बाळांतही हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते, म्हणून आकडा वयाप्रमाणे पाहावा लागतो.

मात्र नुसत्या लघवीवरून निदान पक्के होत नाही. ग्लायकोजेनच्या इतर काही आजारांतही हा तुकडा वाढतो. उलट मोठेपणी उद्भवलेल्या आजारात तो कधीकधी वाढलेला नसतो. म्हणून रक्तातील विकराची तपासणी व जनुक तपासणी करावीच लागते.

लघवीचा दुसरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर होतो. जे विकर शरीरात नाही ते २००६ सालापासून औषधरूपाने मिळू लागले. दर पंधरा दिवसांनी ते शिरेतून देतात. औषध लागू पडले की लघवीतील तुकडा कमी होतो; तो पुन्हा वाढू लागला तर डॉक्टर सावध होतात. बाळाला सुई न टोचता हे कळते, ही मोठीच सोय आहे.

औषध अतिशय महाग आहे आणि जन्मभर घ्यावे लागते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे रोगाचा समावेश आहे. २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. ही मदत ठरलेल्या केंद्रांतूनच मिळते, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे. पण मुलाचे वजन वाढते तसे औषधही जास्त लागते. मग ही रक्कम किती दिवस पुरणार? या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे मागत राहिले पाहिजे.

म्हणून माताभगिनींना आमचे सांगणे एवढेच. चार-पाच महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, दूध पिताना दमत असेल, तर उताऱ्यात दिवस घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हृदयाची तपासणी करून घ्या. घरात पूर्वी असे मूल दगावले असेल तर तेही न लपवता सांगा. पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. आणि त्या दिवशी सुनेसोबत मुलालाही दवाखान्यात पाठवा, कारण तपासणी दोघांचीही करावी लागते.