हळदीचा खांदा, खिळ्याचा पुठ्ठा

पट सुटायच्या आधी बैल भ्यालेला असतो. खुर्च्यांच्या रांगेतून ते कळत नाही, जवळ जावं लागतं. जोडी रेंगीला, म्हणजे हलक्या गाडीला, जुंपलेली असते, दोन माणसं वेसण धरून समोर पाय रोवून उभी असतात, मागे डफडं कडाडत असतं आणि बैल एकसारखा पातळ शेण टाकत असतो. डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं, कान मागे जातात. गुरं राखणारं दहा वर्षांचं पोरही सांगेल, की हे जनावर पळायला आतुर नाही, सुटायला धडपडतं आहे. मग वेसण सुटते. गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा एक हात शेपटीच्या बुडाशी जातो, दुसऱ्या हातातल्या तुतारीची, म्हणजे खिळा लावलेल्या काठीची, आर पुठ्ठ्यात घुसते आणि काही सेकंदांत सगळं संपतं. भोंग्यावर सेकंद सांगितले जातात, लोक दुपट्टे उडवतात. पुठ्ठ्यावरून ओघळणारं रक्त कोणी पुसत नाही, कारण तोवर पुढची जोडी उभी झालेली असते.

याच गावात, याच बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तूप चोळून शेक दिलेला असतो. वर्षभर जुवाखाली सोललेल्या त्या खांद्याला घरची लक्ष्मी आपल्या हाताने लेप लावते. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगतात, पाठीवर झूल चढते, तोरणाखाली झडत्या होतात, पुरणपोळी बैलाच्या तोंडात जाते. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं लाकडाचा बैल दोरीने ओढत घरोघर फिरतात. जगात फार थोड्या लोकांनी आपल्या लेकरांच्या हातात खेळणं म्हणून आणि देव म्हणून एकच जनावर दिलं असेल. हे प्रेम मी खोटं मानत नाही. खोटं असतं तर लिहायची गरजच नव्हती. श्रावणात खांद्याला हळद लावणारा हात माघात त्याच जनावराच्या मांसात खिळा कसा रुतवू शकतो, हा माझा प्रश्न आहे, आणि तो पहिल्यांदा मला आहे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. धान कापून, मळून घरात आलं की बांध्या मोकळ्या होतात. हातात थोडा पैसा असतो, अंगात थोडा आराम असतो. मग एखाद्या गावात पट ठरतो. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, तिथेच सोयरिकी जमतात. दिवसा पट आणि रात्रभर नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकवाल्यांचं माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत कंपन्या गावोगाव मंच बांधतात. तिकीट काढून हजारो शेतकरी थंडीत पहाटेपर्यंत नाटक पाहतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा माझाही ऊर भरून आला होता. म्हणून पटाविरुद्ध बोललं की लोकांना वाटतं, हा आपल्या हंगामावरच उठला. पट आणि हंगाम एकच आहे, असं आपण स्वतःला समजावून घेतलं आहे.

ते तसं नाही, हे पट बंद असलेल्या सात वर्षांनी दाखवून दिलं. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने खेळ-तमाशासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत, अस्वल, माकड, वाघ, बिबट आणि सिंह यांच्या जोडीला, बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, त्याच्या शरीराची घडण शर्यतीसाठी नाही, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हापासून १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने पुन्हा मुभा देईपर्यंत पट कायद्याने बंद होता. त्या वर्षांत नाटकं बंद पडली का? मंडईची जत्रा ओस पडली का? सोयरिकी जमायच्या थांबल्या का? कंपन्या फिरत राहिल्या, मंच लागत राहिले. बंद होता तो फक्त बैलाच्या पुठ्ठ्यातला खिळा, आणि तोही चोरून भरणाऱ्या पटांत चालूच होता.

आज पट कायदेशीर आहे, हे मला मान्य करावं लागतं. राज्याने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण त्या नियमांत काय लिहिलं आहे, ते पटाच्या मैदानात कोणी मोठ्याने वाचून दाखवलेलं मी ऐकलं नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. पन्नास हजार रुपये अनामत. प्रत्येक जनावराची पशुवैद्यकाकडून तपासणी. काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही. सगळ्याचं चित्रीकरण. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. घटनापीठाने मुभा दिली ती याच अटींच्या भरवशावर, आणि अटी काटेकोर पाळल्या जातात की नाही याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. मग मंचाच्या मागे उभा राहून मी स्वतः मोजलेल्या अकरा धुरकऱ्यांपैकी नऊ जणांच्या हातात तुतारी कशी होती? तिथे गणवेशातली माणसं हजर होती. ती गर्दी आवरत होती. तुतारी त्यांना दिसली नाही, असं मी म्हणणार नाही. तुतारी दिसणं हे आपलं काम आहे, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आणि हे फक्त पटाचं नाही. १९६० च्या त्या मूळ कायद्यात जनावराला मारझोड करण्याचा, उपाशी ठेवण्याचा, त्राण नसताना कामाला जुंपण्याचा पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे. आजही तेवढाच. एका जित्या जिवाच्या वेदनेची आपण ठरवलेली किंमत चहा-नाश्त्याइतकी आहे. जिथे किंमत इतकी, तिथे गुन्हा नोंदवायला कोणता हवालदार कागद खराब करील?

बैलाच्या शरीराकडे एकदा नीट पाहा. घोड्याचा खूर एकसंध, छाती खोल, अंग घामाने निथळून थंड होणारं. पळून जीव वाचवणं हाच त्याचा पिढीजात धर्म. बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटाच्या पहिल्याच कप्प्यात शंभर लिटरच्या आसपास चारा-पाणी मावतं. दुभंगलेला खूर चिखलात पसरतो, रुततो, निघतो. घाम कमी, म्हणून धावल्यावर धाप मोठी. तो सकाळपासून दुपारपर्यंत एका संथ चालीने नांगर ओढील आणि थकल्याचं सांगणार नाही. ही त्याची ताकद. तिच्यावर आपण जगलो. त्याच जनावराला काही सेकंद जिवाच्या आकांताने पळवायचं, तर आतून काही नसतं, बाहेरून वेदना द्यावी लागते. न टोचता, न पिरगाळता, न घाबरवता बैल पटात पळत असेल, तर मंडळांनी तुताऱ्या वेशीवर जमा करून एक पट भरवून दाखवावा. मी पहिल्या रांगेत बसायला येईन.

‘पटामुळे देशी वाण टिकतो,’ असं मला ठासून सांगतात. पश्चिम महाराष्ट्रात खिल्लारबद्दल हेच सांगतात. आपल्याकडे मात्र आपला वाण कोणता, हे तरी आपल्याला ठाऊक आहे का? कठाणी. कठाणी नदीच्या नावाचा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या धानपट्ट्यातला, अंगाने लहान, काटक, चिखलणीत गुडघाभर गाळातून नांगर काढणारा बैल. अगदी अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याची स्वतंत्र वाण म्हणून नोंद केली. पण मी पाहिलेल्या एकाही पटात कठाणीला मान नव्हता. मान होता तो लांब पायांच्या, उंच, लाखांत बोली लागणाऱ्या जोडीला, जिने कधी बांधीत पाय घातला नसेल. आपल्या चिखलात राबणारा वाण ट्रॅक्टरमुळे दावणीतून निघून चालला आहे आणि आपण दुसऱ्याच बैलाच्या शर्यतीला वाण-रक्षण म्हणतो. कठाणी वाचवायचा असेल तर त्याला चारा लागतो, गावात वळू लागतो, दवाखान्यात डॉक्टर लागतो.

आता पैशाकडे येतो, कारण पटाचा खरा धुरकरी तोच आहे. रेंगीवर उभा असतो तो पोरगा गरीब असतो. पडला, चाकाखाली आला, तर त्याचंही हाड मोडतं आणि त्याच्या घरी खाटेवर पडून राहायला जागाही नसते. त्याला मी पहिला आरोपी करत नाही. बक्षिसाचा आकडा ठरवणारा, पत्रिकेवर नाव छापून घेणारा, हार घालून घेणारा, मैदानाच्या कडेला जोडीवर पैसे लावणारा, हे पुढचे आरोपी आहेत. जंगलाच्या आडोशाला कोंबडा बाजार भरतो, कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात, एक कोंबडा दुसऱ्याचं पोट फाडतो. तिथे पोलिसांची धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दुचाक्या-कोंबड्यांसह पकडलेल्यांची बातमी येते. ती धाड योग्यच आहे. पण तिथे लंगोटीवाले असतात आणि पटाच्या मंचावर कडक इस्त्रीवाले, म्हणून जनावराच्या जखमेत फरक पडत नाही. याच्याही वरची पायरी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असं ठरवलं. तो वाद माणसाच्या पैशाचा होता. घोड्याच्या पायाचं काय, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारलाच नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सांता अनिता मैदानावर २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून तीन महिन्यांत वीसहून अधिक घोडे मेले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांनी तो विचारला. शर्यती थांबवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी देशाला नवा कायदा करावा लागला. मेलेल्या घोड्यांची कोणी तरी मोजदाद ठेवली होती, म्हणून हे झालं. आपल्या पटांत किती बैलांचे पाय मोडले, किती छाती फुटून पडले, याची वही कोणत्या पंचायत समितीत आहे?

आमच्या भागात वाघाने बैल मारला तर वनखात्याचा माणूस येतो, मोजमाप घेतो, पंचनामा करतो, नुकसानभरपाई मिळते. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ही पद्धत पाठ आहे. पटात बैल पडला तर पंचनामा नाही. चार माणसं त्याला ओढून कडेला घेतात. मालक नजर टाळतो, कारण त्याला रडू येत असतं. हे मी पाहिलं आहे. तोही त्या बैलावर प्रेम करत असतो आणि त्याच प्रेमाच्या अभिमानात त्याने त्याला तिथे आणलेलं असतं. पुढे काय? २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे. लंगडा बैल कापता येत नाही आणि पोसायला चारा नाही. मग तो रात्री सोडून दिला जातो, नाही तर दलालाच्या हाती जाऊन ट्रकमध्ये कोंबून तेलंगणाच्या सीमेकडे निघतो. त्याला कापू नका म्हणून रस्त्यावर उतरणारी माणसं मला माहीत आहेत. त्याला टोचू नका म्हणून मैदानात उतरलेलं त्यांतलं कोणी मी पाहिलं नाही.

गाडगेबाबा संन्यासाच्या आधी मामाच्या शेतावर दापुऱ्याला बैलांमागे राबलेले. पुढे जत्राजत्रांत बोकडाच्या मानेवरची सुरी थांबवायला ते हयातभर उभे राहिले. पण त्याआधी त्यांनी एक लहान गोष्ट केली होती. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाने मटण-दारूचं जेवण द्यायचं, ते न देता त्यांनी गोडाची पंगत बसवली. भाऊबंद चिडले. रिवाज मोडला तो स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पाहुण्यांसमोर. आमच्या याच गडचिरोलीत, हेमलकशाला, प्रकाश आमट्यांनी शिकारीत आई गमावलेली पिल्लं माडिया आदिवासींच्या हातून मागून घेतली आणि वाढवली. शिकार ज्यांचं पोट होती, त्या माणसांनी ती पिल्लं दिली. आणि आपण, ज्यांची चूल पटावर पेटत नाही, एक तुतारी खाली ठेवू शकत नाही.

यंदा ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका गावच्या मंडळाची पोरं पत्रिका घेऊन आली. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि दरवर्षीप्रमाणे एका बक्षिसापुढे माझं नाव. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, बक्षीस देणार नाही. नाटकाच्या मंडपाचा खर्च देईन. कठाणीचा एक वळू गावासाठी आणायचा असेल तर निम्मे पैसे माझे. पट भरवणारच असाल तर पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आणि परवानगीचा कागद मंचावर टांगा, आणि तुताऱ्या माझ्या हातात द्या. पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. त्यांतला एक, मी कडेवर खेळवलेला, हळूच म्हणाला, “काका, तुमीच त नारळ फोडत होते ना.”

होय, फोडत होतो. बंदीच्या आधी बारा वर्षं. शेवटच्या वर्षी तो तांबडा बैल पहिल्याच दौडीत गुडघ्यावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही, तेव्हा नारळाचं पाणी माझ्या हातावर अजून वाळलं नव्हतं.