पाळी जातानाची विस्मृती

पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रीच्या स्मरणशक्तीला जी एक विलक्षण ग्लानी येते, तिच्याविषयी आपल्या घरांतून क्वचितच बोलले जाते. अंगातून उठणाऱ्या वाफांची तक्रार एखादी जाऊ दुसऱ्या जावेजवळ करील, सांध्यांची कैफियत डॉक्टरांपुढे मांडली जाईल, परंतु जिभेवर आलेले नाव परत फिरते, महिन्याचा हिशेब पुनःपुन्हा मांडूनही जुळत नाही, ही गोष्ट कोणाला सांगण्याचे धैर्य मात्र होत नाही, कारण आपली बुद्धीच तर चालली नाही ना, अशी शंका तिच्या तळाशी असते. मी स्वतः त्याच वयातून जात आहे, आणि ज्या घरात आजीला अखेरच्या वर्षांत पोटची मुलेही ओळखू येईनाशी झाली होती, त्या घरातल्या नातीला ही शंका किती छळू शकते, हे मी जाणते.

म्हणून ज्या संशोधनाने मला धीर दिला, त्याची हकीकत आधी सांगते. मध्यमवयीन स्त्रियांच्या आरोग्याची जी दीर्घ पाहणी अमेरिकेत चालू आहे, तीतील २३६२ स्त्रियांच्या स्मृतीची आणि विचारांच्या वेगाची चार वर्षे तपासणी करून गेल ग्रीनडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखवून दिले, की तीच चाचणी पुन्हा दिल्यावर सरावाने जी प्रगती दिसावयास हवी ती या संक्रमणकाळात खुंटते, परंतु पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा दिसू लागते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागांतही कार्य करीत असल्यामुळे, त्याची पातळी अनेक महिने चढउतार करू लागली की त्याचा परिणाम मेंदूवरही होतो. त्यात रात्रीच्या वाफांनी झोप मोडली, की दुसऱ्या दिवशीचे अवधान आणखीच उणावते.

नैसर्गिक उपाय म्हटले की बाजार चूर्णे आणि गोळ्या घेऊन पुढे येतो. सोयाबीनच्या गुणांविषयीचे पुरावे परस्परांशी जुळत नाहीत, आणि अश्वगंधेने काहींच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तेव्हा वनस्पती निरुपद्रवीच असते, हा समज सोडावा. माझ्या मते पहिला नैसर्गिक उपाय झोप हाच होय, आणि नेमका तोच आपल्या स्त्रीच्या अखत्यारीत नसतो. नळाला पहाटे पाणी येते म्हणून ती उठते, डबे भरावयाचे म्हणून उठते, सासऱ्यांच्या औषधासाठी मध्यरात्री उठते, आणि सर्वांची पाने आटोपल्यावर ओटा पुसून निजते. अशा बाईला ‘वेळेवर झोपत जा’ असा सल्ला देणे हे केवळ शब्दांचे औदार्य झाले. पहाटेचे पाणी मुलाने भरावे, रात्रीचे औषध नवऱ्याने द्यावे, पंखा आणि खिडकी तिच्या सोयीने असावी. एवढी तजवीज जे घर करील, त्या घराने औषधापूर्वीचे औषध दिले, असे मी म्हणेन.

त्यापाठोपाठ येते चालणे: आठवड्याला दीडशे मिनिटे, दम किंचित वाढेल अशा वेगाने. आणि मग वही. पेशव्यांच्या दप्तरातील कारकून कधी स्मरणावर विसंबला नाही, म्हणूनच आज कागदपत्रे बांधून ठेवलेले ते सारे रुमाल सोडून आपण त्या काळाचा हिशेब वाचू शकतो. गृहिणीनेही देणी-घेणी, तारखा आणि निरोप निःसंकोचपणे कागदाच्या हवाली करावेत.

मात्र प्रत्येक विस्मृतीचा दोष वयाच्या माथी मारू नये. रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार आणि बी-१२ या जीवनसत्त्वाचा अभाव हीही तिची कारणे असू शकतात. हा अभाव आपल्याकडे किती सर्वदूर आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने पुढे आणलेच आहे. रक्ताची तपासणी करून घ्यावी, वाफा असह्य असतील तर संप्रेरकांच्या उपचाराविषयी डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नये, आणि नेहमीचा रस्ताच चुकू लागला, तर विलंब न लावता त्यांना गाठावे.

हे सारे लिहीत असता बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रिया मला विसरता येत नाहीत. २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे तेथील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेली होती, आणि त्यांत चाळिशी न गाठलेल्या पुष्कळ होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली, तर जे संक्रमण शरीराने काही वर्षांत करावयाचे ते एका दिवसात होते, आणि त्याच शरीराने ती बाई पहाटेच्या अंधारात फडावर उभी राहते, कारण खाडा पडला तर मुकादम उचलीतून दंड कापतो. तिची झोप घरच्यांच्याही हाती नाही. तो बंदोबस्त कारखान्यांनी आणि सरकारने करावयाचा आहे, आणि त्याचा तगादा आपण सर्वांनी लावावयाचा आहे.