विश्लेषण : मोटारचालकाने शर्यतीसाठी डिवचले तर दुचाकीस्वाराने काय करावे? कायदा काय सांगतो?

रात्रीची वेळ, रस्ता मोकळा आणि सिग्नल लाल. दुचाकीच्या शेजारी एक मोटार येऊन थांबते. चालक जागेवरच इंजिनचा आवाज काढतो, काच खाली करतो आणि मानेनेच ‘येतोस का?’ असे विचारतो. नवी मुंबईतील पाम बीच मार्ग असो किंवा मुंबईतील पश्चिम द्रुतगती महामार्ग, रुंद रस्त्यांवर उशिरा दुचाकी चालवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. काही वेळा दुचाकीस्वार दुर्लक्ष करतो, तरीही मोटार मागे लागते, अगदी जवळ येते, प्रखर दिवे मारते, आडवी घातली जाते. अशा वेळी दुचाकीस्वाराची कायदेशीर बाजू काय? त्याने थोडा जरी वेग वाढवला तर तो पीडित राहतो की आरोपी होतो?

शर्यत म्हणजे नेमके काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतींबाबत आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची ‘कोणत्याही प्रकारची’ शर्यत किंवा वेगाची चाचणी होऊ देणे किंवा त्यात भाग घेणे हा गुन्हा आहे. पैज लागलेली असावी, आयोजक असावा किंवा आधी ठरलेले असावे, अशी कोणतीही अट या कलमात नाही. दोन सिग्नलमधील अर्ध्या किलोमीटरची चढाओढही त्यात बसू शकते.

पूर्वी या गुन्ह्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हैदराबादमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेली फॉर्म्युला ई किंवा चेन्नईत ऑगस्ट २०२४ अखेरीस झालेली रात्रीची शर्यतही शहरातील रस्त्यांवरच झाली होती. मात्र तिथे परवानगी होती, रस्ते बंद होते आणि कडेला संरक्षक भिंती होत्या.

‘सुरुवात त्याने केली’ हा बचाव चालतो का?

कलम १८९ मध्ये कोणी डिवचले आणि कोणी प्रतिसाद दिला, असा फरक केलेला नाही. ‘भाग घेणे’ एवढाच निकष आहे. त्यामुळे डिवचल्यानंतर दुचाकीस्वाराने आव्हान स्वीकारले तर कलमाच्या दृष्टीने दोघे एकाच रांगेत उभे राहतात. आधी कोणी खुणावले, याचा शिक्षा ठरवताना विचार होऊ शकतो, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही.

हा मुद्दा किती गंभीर होऊ शकतो, हे जर्मनीतील एका खटल्यातून दिसते. १ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बर्लिनच्या कुर्फ्युरस्टेनडाम या गजबजलेल्या रस्त्यावर दोन मोटारचालकांनी सिग्नलवरून उत्स्फूर्त शर्यत लावली. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास पोहोचला. हिरव्या दिव्यावर रस्ता ओलांडणाऱ्या जीपला एका मोटारीची धडक बसली आणि ६९ वर्षांच्या चालकाचा मृत्यू झाला. धडक देणाऱ्याची खुनाच्या गुन्ह्यातील जन्मठेप २०२० मध्ये कायम झाली. ज्याची मोटार जीपला धडकलीच नव्हती, त्या दुसऱ्या चालकाला २०२१ मध्ये खुनाच्या प्रयत्नाबद्दल १३ वर्षांची कैद सुनावण्यात आली. दरम्यान २०१७ मध्ये जर्मनीने बेकायदा शर्यतीसाठी दंड संहितेत स्वतंत्र कलम आणले. त्यात शर्यतीमुळे मृत्यू झाल्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मोटारचालकावर कोणती कलमे लागू शकतात?

दुचाकीस्वाराने शर्यतीस नकार दिला आणि तरीही मोटारचालक मागे लागला, तर चित्र बदलते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. नियमबाह्य पद्धतीने पुढे जाणे, सिग्नल तोडणे हे प्रकार २०१९ पासून या कलमात स्पष्टपणे नमूद आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

भारतीय न्याय संहितेतील कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी आहे. कलम १२५ इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्यासाठी आहे. गाडी आडवी घालून रस्ता अडवला तर कलम १२६ म्हणजे अन्यायाने अडवणूक. मृत्यू झाल्यास कलम १०६ (१) नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परिणामाची जाणीव असूनही कृत्य केल्याचे दिसल्यास कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लागू शकतो.

मोटार अल्पवयीन चालवत असेल तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. धोकादायक वाहन चालवणे आणि शर्यत या दोन्ही गुन्ह्यांत पोलीस परवाना ताब्यात घेऊन तो निलंबन किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी परिवहन विभागाकडे पाठवू शकतात.

वेग चढत का जातो?

यामागे साधे गणित आहे. सुमारे ४० अश्वशक्तीची ४०० सीसी दुचाकी स्वारासह अंदाजे २५० किलो भरते. म्हणजे टनामागे १६० अश्वशक्ती. ११० अश्वशक्तीची, चालकासह १,४०० किलोची एसयूव्ही घेतली तर टनामागे ७९ अश्वशक्तीच मिळते. त्यामुळे सिग्नल सुटताच दुचाकी सहज पुढे जाते. यात दुचाकीस्वाराने शर्यत लावलेलीही नसते, तो नेहमीसारखाच निघालेला असतो. पण शेजारच्याला ते हरल्यासारखे वाटते आणि तो पुढच्या टप्प्यात वेग वाढवतो. सुरुवातीला मागे पडलेल्या मोटारीला बरोबरी साधायची तर वेग वाढवावाच लागतो. दुचाकीस्वाराने तो पल्ला मान्य केला की दोघेही ताशी ८०-१०० च्या घरात जातात.

आता थांबण्याचे अंतर पाहू. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि समोरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगात दुचाकी थांबायला सुमारे ४८ मीटर लागतात. ताशी ८० वर हेच अंतर ७५ मीटर आणि ताशी १०० वर १०६ मीटर होते. वेग दुपटीहून कमी वाढला, अंतर मात्र दुपटीहून अधिक. पावसात, वाळूत किंवा खड्ड्यात ते आणखी वाढते.

आणि धक्का लागला तर? १,४०० किलोची मोटार आणि २५० किलोची दुचाकी एकमेकांना घासली, तर दुचाकीच्या वेगात होणारा बदल मोटारीच्या साडेपाच पट असतो. मोटारीत बसलेल्याला जो हादरा जाणवतो, तो दुचाकीस्वाराला रस्त्यावर फेकून देतो. पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ रोजी आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. ती शर्यत नव्हती, पण वेगवान मोटारीसमोर दुचाकीस्वार किती उघडा असतो, हे साऱ्या राज्याने पाहिले.

आकडेवारी काय सांगते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते, आणि सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. शर्यत किंवा डिवचण्यातून वाढलेला वेगही याच ‘अतिवेगा’च्या रकान्यात जातो. वेग का वाढला, हे त्या रकान्यातून कळत नाही.

विम्याचे काय होते?

आव्हान स्वीकारणाऱ्याला इथेही फटका बसू शकतो. वाहन विम्याच्या प्रमाण पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. रस्त्यावरची उत्स्फूर्त चढाओढ ‘आयोजित’ ठरते का, यावर वाद होऊ शकतो. पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमी दुचाकीस्वाराचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात, स्वतःच्याच बेदरकार चालवण्यामुळे मृत्यू झालेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई नाकारणारा निर्णय कायम ठेवला.

मग प्रत्यक्ष रस्त्यावर काय करावे?

१) सिग्नलवर खुणावले तर उत्तर देऊ नका, इंजिनचा आवाजही काढू नका. सिग्नल सुटल्यावर दोन सेकंद थांबून त्याला पुढे जाऊ द्या. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपते.

२) मोटार मागे चिकटली असेल तर अचानक ब्रेक मारू नका. हळूहळू वेग कमी करा, इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि तिला जाऊ द्या.

३) तरीही पाठलाग सुरू राहिला तर घराकडे किंवा अंधाऱ्या गल्लीत वळू नका. पेट्रोल पंप, टोलनाका, पोलीस चौकी अशा उजेडाच्या आणि सीसीटीव्ही असलेल्या जागी थांबा.

४) थांबल्यावर ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी आहे. वाहन क्रमांक, रंग, दिशा आणि जवळची खूण सांगा. मागे कोणी बसले असेल तर क्रमांक लक्षात ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्या.

५) आरशाला हात मारणे, दाराला लाथ घालणे, पुढच्या सिग्नलवर गाठून जाब विचारणे टाळा. मोटारीचे नुकसान केल्यास तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

६) कॅमेरा असेल तर मूळ मेमरी कार्ड जपून ठेवा, चित्रफीत कापू-जोडू नका. न्यायालयात ती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. तुमच्या चित्रफितीत तुमचाही वेग दिसतो, हेही विसरू नका. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतील रस्त्यांवर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे आणि स्थानिक पातळीवर ती आणखी कमी असू शकते.

७) प्रत्यक्ष धोका निर्माण झाला असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती देता येते. ती ऑनलाइनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते.

यंत्रणा कुठे कमी पडते?

वेगमापक कॅमेरा एका ठिकाणचा वेग टिपतो. दोन किलोमीटर मागे लागलेली मोटार, मारलेले दिवे, आडवी घातलेली गाडी त्याला दिसत नाही. दोन्ही वाहने मर्यादेबाहेर असतील तर ई-चलान दोघांना सारखेच जाते. एकाने वेग हौसेने वाढवला आणि दुसऱ्याने भीतीने, हा फरक चलानात नसतो.

पोलिसांची मोहीमही बहुतेकदा टोळक्याने शर्यती लावणाऱ्या दुचाकीस्वारांवर असते. ती गरजेचीच आहे, कारण रात्रीच्या रस्त्यांवर धिंगाणा घालणाऱ्यांत दुचाकीस्वार कमी नाहीत. पण त्यामुळे एकट्या दुचाकीस्वाराने मोटारचालकाबद्दल तक्रार केली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाण्याची शक्यता असते : तुमचा वेग किती होता?

या प्रश्नाला स्वच्छ उत्तर देता येणे, हीच दुचाकीस्वाराची सर्वांत मोठी कायदेशीर ढाल आहे. शर्यत एकट्याने होत नाही. दुसऱ्याने नकार दिला की उरतो तो फक्त एका चालकाचा बेदरकारपणा आणि त्यासाठी कायद्यात पुरेशी कलमे आहेत. अडचण अशी की नकार देऊन सुखरूप घरी पोहोचलेल्याची नोंद कुठेच होत नाही, अपघाताची मात्र होते. सतत त्रास देणाऱ्या वाहनांच्या क्रमांकांवर तक्रारी जमा होत गेल्या आणि त्यांच्या आधारे परवान्यावर कारवाई झाली, तर धडक होण्याआधीच अशा चालकापर्यंत पोहोचता येईल. त्यासाठी ११२ वर आलेला ‘काही झाले नाही, पण…’ असा फोनही पोलिसांनी नोंदवून घ्यायला हवा.