कीबोर्डवाल्याचं नाव काय?

मागच्या लग्नसराईत लोणावळ्याजवळच्या एका हॉलवर मी दोन तास कीबोर्ड वाजवला आणि त्यातून एक सूरही बाहेर पडला नाही. कीबोर्ड बिघडला नव्हता. त्याला केबलच लावली नव्हती.

मुलीकडचे एक काका आधीच येऊन सांगून गेले होते, "गाणी पेन ड्राइव्हवर आहेत. पब्लिकला ओरिजिनल पाहिजे. तुम्ही फक्त उभं राहायचं, बोटं हलवायची. स्टेज भरल्यासारखा दिसला पाहिजे." मी काहीतरी बोलणार तोच ते म्हणाले, "अहो, ठरलेले पैसे देतोय ना पूर्ण?"

देत होते. मी उभा राहिलो, बोटं हलवली. इंटरल्यूड आला की मान खाली घालून गंभीर चेहराही केला. खाली उतरलो तर कॉलेजमधला एक पोरगा मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "दादा, कसलं भारी वाजवता! रील टाकलीये." मी थँक्यू म्हणालो. तो थँक्यू अजून घशात अडकलाय.

हा लेख त्या थँक्यूबद्दल आहे. त्या काकांवर मला राग काढायचा नाही. राग माझा स्वतःवर आहे, आणि थोडा तुमच्यावरही.

मी वडगाव मावळचा. १७७९ च्या तहामुळे इतिहासाच्या पुस्तकात ज्याला अर्धं पान मिळतं ते गाव. आठवडाभर एमआयडीसीत शिफ्ट आणि सुट्टीच्या दिवशी सुपारी असेल तिथं कीबोर्ड: लग्न, हळद, वरात, जागरण-गोंधळ, गणपती. सूर पहिल्यांदा सापडला तो भजनी मंडळातल्या अण्णांच्या पेटीवर. पुढे घरात कॅसिओ आला, मग हप्त्यावर घेतलेला सेकंडहँड रोलँड. आता मी बेंजो पार्टीतही वाजवतो आणि ऑर्केस्ट्रातही.

कॉलेजसाठी रोज लोकलनं पुण्याला जायचो. त्या प्रवासात एका मित्रानं कानात इअरफोन घातला आणि 'येस' या बँडचं 'राउंडअबाउट' ऐकवलं. तुम्हालाही ते माहीत आहे. 'टू बी कंटिन्यूड'चा बाण येतो त्या मीममागचं गाणं. मीममध्ये सुरुवातीची गिटारच ऐकू येते. गाणं पुढं गेलं की हॅमंड ऑर्गन असा काही धावत सुटतो की मला तळेगावला उभं राहून बसायला जागा मिळाली तरी कळलं नव्हतं. वाजवणारा रिक वेकमन. वर्ष १९७१.

त्यानंतर मी वेकमनच्या मागेच लागलो. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल, आणि गिटारवाल्याच्या बरोबरीनं उभा असलेला कीबोर्डवाला. वेकमन चमकदार लांब केप घालून कीबोर्डच्या किल्ल्यात उभा राहायचा. त्यातलं एक वाद्य मेलोट्रॉन. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर आधीच रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप फिरते, साधारण आठ सेकंदांत संपते, सोडली की मागे जाते. दुसरं मिनीमूग, १९७० साली बाजारात आलेला सिंथेसायझर. त्यावर एका वेळी एकच सूर वाजतो. वेकमन सांगतो की त्याला तो अर्ध्या किमतीत मिळाला, कारण विकणाऱ्याला वाटलं बिघडलाय, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच सूर येतो!

त्या मिनीमूगच्या डाव्या बाजूला दोन छोटी चाकं आहेत. त्यातलं एक फिरवलं की सूर वर-खाली वाकतो. माझ्या रोलँडवरही सूर वाकवायची सोय डाव्या हातालाच आहे. हळदीला सनईचा टोन लावून मी मींड काढतो ती तिथूनच. उजवा हात पट्टीवर आणि डावा सूर वाकवायला, ही आमची बैठक वेकमनचीच आहे.

पण हे पुण्यातल्या मित्रांना सांगितलं की ते हसायचे. "वेकमन कुठं, बेंजोवाला कुठं!"

इथून माझं भांडण सुरू होतं.

पहिला आरोप असा की कीबोर्ड हे खोटं वाद्य. बटण दाबलं की सनई, बटण दाबलं की ढोलकी. मग मेलोट्रॉन काय होतं? दुसऱ्यानं वाजवलेलं व्हायोलिन टेपवरून ऐकवणारं यंत्र. त्याला तुम्ही क्लासिक म्हणता. आणि पट्ट्यांच्या वाद्यावरचा हा संशय आपल्याकडे तर फार जुना आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. मींड निघत नाही, श्रुती धरता येत नाहीत, परदेशी वाद्य आहे, अशी कारणं होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तिकडं वेकमन 'राउंडअबाउट' वाजवत होता त्याच वर्षी इकडं पेटीला रेडिओचं दार किलकिलं झालं. आणि 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे तर मूळचे पेटीवादक! बेंजोचीही तीच गत. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो बुलबुल तरंग, जपानी तायशोगोतोचा नातेवाईक. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. आमच्या पार्टीत त्याची जागा कीबोर्डनं घेतली, पार्टीचं नाव मात्र बेंजोच राहिलं. शुद्ध वाद्य शोधायला निघालात तर हातात टाळीशिवाय काही उरणार नाही.

दुसरा आरोप जास्त खरा आहे, म्हणून जास्त लागतो. "तुम्हीच सनईवाल्यांचं पोट मारलंत, आता पेन ड्राइव्हनं तुमचं मारलं तर रडता कशाला?"

हे मला एका सनईवाल्या काकांनी तोंडावर सुनावलंय, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हळदीला पूर्वी सनई, संबळ, सूर धरणारा, अशी चार-पाच माणसं यायची. माझ्यामुळे दोघांत भागायला लागलं. मी चांगला वाजवत होतो म्हणून मला बोलावलं असा माझा समज होता. खरं तर मी स्वस्त होतो.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलंय. केरसी लॉर्ड हे नाव तुम्ही ऐकलंय का? बहुतेक नाही. त्यांना मात्र तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मधलं ॲकॉर्डियन त्यांचं. जन्म १९३५, मृत्यू २०१६. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी लॉर्ड, दोघेही हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतले नावाजलेले तालवादक. केरसी स्वतः तालवाद्यांपासून सुरू झाले, ग्लॉकनस्पील वाजवलं, ॲकॉर्डियन वाजवलं, अरेंजर झाले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी मिनीमूग हिंदी सिनेमात आणला. वेकमनकडे होता तोच. पुढे सिंथेसायझर स्वस्त होत गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला साठ-सत्तर वादकांचे स्टुडिओतले ताफे विरत गेले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं २००८ च्या आपल्या पुस्तकात या वादकांच्या आठवणी जमवल्या आणि लॉर्ड कुटुंबावर 'द ह्यूमन फॅक्टर' नावाची डॉक्युमेंटरीही झाली. तोवर रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असायची. ॲकॉर्डियनवाल्याचं नसायचं.

आता वेकमनच्या 'फ्रॅजाइल' अल्बमचं कव्हर बघा. १९७१ चंच. त्यात वेकमननं ब्राम्सच्या सिंफनीचा एक भाग एकट्यानं कीबोर्डवर वाजवलाय. व्हायोलिनचा भाग कोणत्या कीबोर्डवर, पितळी वाद्यांचा कोणत्या, हेसुद्धा छापलंय. म्हणजे तिकडं पियानो आणि ऑर्गनलाही श्रेय. इकडं सगळा देश गुणगुणतो ते ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या माणसालाही नाही.

मला वाटतं, खरी गोम इथंच आहे. यंत्र माणसाची जागा घेतं हे खरं. पण ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याची जागा घेणं फार सोपं असतं. १९७४ मध्ये वेकमननं 'येस' सोडला आणि त्याच्या जागी पॅट्रिक मोराझ आला. या बदलावर चाहते आज पन्नास वर्षांनंतरही भांडतात. माझ्या जागी पेन ड्राइव्ह आला आणि समोर बसलेल्या पाचशे माणसांतल्या एकालाही कळलं नाही.

नाव छापलेलं असलं तर काय होतं त्याचं उदाहरण चरणजित सिंग. हेही मुंबईतल्या स्टुडिओतलेच वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडचा ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड सपशेल पडली. पण कव्हरवर त्यांचं नाव होतं. पुढे नेदरलँड्समधल्या एका लेबलनं २०१० मध्ये ती पुन्हा काढली. शिकागोत १९८७ मध्ये आलेल्या ॲसिड हाउस संगीताशी तिचं साम्य बघून लोक चक्रावले, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करायला लागले. २०१५ मध्ये ते गेले. यंत्रं सगळी बाजारातली होती, तरी जगानं शोध घेतला तो माणसाचा. कव्हर कोरं असतं तर शोधायचं कुणाला?

आता आमच्याकडे या. कोणत्याही उत्सवाचा फ्लेक्स बघा. भावी नगरसेवकापासून कालच वाढदिवस झालेल्या बाळापर्यंत चाळीस फोटो असतात. कार्यक्रमाच्या रांगेत गायिकेचं नाव, निवेदकाचं नाव, साउंडवाल्याचा मोबाईल नंबरसुद्धा. आणि खाली "सोबत वाद्यवृंद". मी सोबत आहे.

वेकमनचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये मँचेस्टरला चालू कार्यक्रमात कंटाळा आला म्हणून त्यानं स्टेजवरच करी मागवून खाल्ली. लोक हा किस्सा आजही कौतुकानं सांगतात. आम्ही जेवतो शेवटच्या पंगतीला. कधी कधी जनरेटरच्या मागे पत्रावळ मांडीवर घेऊन, कारण "वाजवणारी पोरं नंतर बसतील". स्टेजवर करी मागवायचा हक्क मला नकोय. वाढताना "अहो, ते वाजवणारे" याऐवजी नावानं हाक मारली तरी पुष्कळ.

तुम्ही म्हणाल, नावानं पोट भरतं का? ऐकणाऱ्याला काय फरक पडतो, पेन ड्राइव्हचा सूर तर माझ्यापेक्षा चोख लागतो!

चोख लागतो, मान्य. पण तो तुमच्याकडे बघत नाही. वरात गल्लीच्या तोंडाशी अडते, नवरदेवाची आजी खुर्चीतून उठते आणि दोन पावलं नाचते, तेव्हा ऑक्टोपॅडवाला माझ्याकडे बघतो आणि आम्ही चाल आजीच्या पायांइतकी खाली आणतो. कडवं संपलेलं असतं, तरी मी तेच चार सूर फिरवत राहतो, ती दमून बसेपर्यंत. मेलोट्रॉनमध्येही टेप होती, पण ती कधी सोडायची हे वेकमनचं बोट ठरवत होतं. पेन ड्राइव्हला आजी दिसत नाही. त्या दिवशी हॉलवर मला दिसत होती, पण माझ्या हातात केबल नव्हती.

म्हणून माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही वेकमनच्या व्हिडिओखाली "लेजंड" लिहिता, त्याच्याकडे कोणता सिंथ होता यावर वाद घालता. आणि बहिणीच्या हळदीत ज्यानं तीन तास वाजवलं त्याची रील टाकताना लिहिता, "बेंजो ऑन फायर". त्याचं नाव विचारायला दहा सेकंद लागतात. घरात लग्न ठरलं की पत्रिकेवर प्रेषक, निमंत्रक, आप्तेष्ट अशी तीस नावं छापता. एकतिसावं छापा. आणि काका पेन ड्राइव्ह घेऊन आले तर त्यांना अडवा. काकांना वाजवणारा अडवू शकत नाही. घरचा पोरगा अडवू शकतो.

मीही एक ठरवलंय. सुपारी घेताना आता दोन अटी सांगतो: केबल लागेल आणि फ्लेक्सवर नाव लागेल. या सीझनला त्यामुळे तीन तारखा गेल्या. चौथे पाहुणे कान्ह्याचे. त्यांनी दोन हजार कमी करून घेतले आणि हो म्हणाले. मग डायरी काढून विचारलं, "बोला, नाव काय लिहू?"

मला पटकन सांगताच येईना. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.