बॅकअप होता, पण सर्व्हर उभा राहिला नाही

रविवार, २१ मार्च २०२१ रोजी पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. मुख्यालयातील सर्व्हर आणि माहितीसाठे कुलूपबंद झाले. राज्यभरातील कार्यालयांचे संगणकीय कामकाज थांबले आणि उद्योजक ज्या ऑनलाइन सेवांवर अवलंबून होते, त्या ठप्प झाल्या. पाचशे कोटींच्या खंडणीच्या बातम्या तेव्हा गाजल्या. खंडणीच्या चिठ्ठीत कोणत्याही रकमेचा थेट उल्लेख नव्हता, असा खुलासा नंतर महामंडळाने केला. या गदारोळात त्याच खुलाशातील एक मुद्दा मात्र फारसा चर्चिला गेला नाही. विविध सर्व्हरच्या बॅकअप फायली नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्याने त्यांना विषाणूची बाधा झालेली नाही, असे महामंडळाने म्हटले होते. हल्ल्यातून सावरण्याची शक्यता टिकली ती या एका खबरदारीमुळे.

महामंडळाच्या प्रत्येक वसाहतीतील भूखंडधारकाने हा प्रसंग बाहेरून पाहिला. सोलापूर-पुणे महामार्गावर मोहोळच्या वाटेवर असलेली चिंचोळी एमआयडीसी त्याला अपवाद नव्हती. आपल्या जमिनीची कागदपत्रे ज्या कार्यालयात आहेत, तेथील संगणक बंद पडल्यावर काय होते, हे येथील उद्योजकांनी तेव्हा अनुभवले. परंतु तीच वेळ आपल्या कारखान्याच्या कार्यालयावर आली तर काय, हा प्रश्न किती जणांनी स्वतःला विचारला असेल?

सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल आठवतात. चिंचोळीचा चेहरा मात्र त्याहून वेगळा आहे. वाहनांचे सुटे भाग, रसायने, औषधांचे मूळ घटक अशी उत्पादने येथे तयार होतात आणि त्यांतील काही परदेशीही जातात. मोठ्या कंपन्यांकडे संगणक विभाग असतो. प्रश्न आहे तो त्यांच्या आसपास उभ्या असलेल्या लहान आणि मध्यम कारखान्यांचा. अशा कारखान्यात बहुधा हिशेबाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक सर्व्हर असतो. त्यावर हिशेबाचे सॉफ्टवेअर, मालाचा साठा, हजेरी आणि पगार, यंत्रांना लागणारे प्रोग्रॅम, ग्राहकांची रेखाचित्रे असे सारे काही एकत्र नांदते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इन्व्हॉइस करणे बंधनकारक झाले. म्हणजे सर्व्हर बंद पडला की बिल निघत नाही, बिल नसेल तर गाडी फाटकाबाहेर पडत नाही. महिनाअखेरीस असे घडले तर कामगारांचा पगारही अडकतो. कार्यालयातील एक पेटी बंद पडल्याने पन्नास-साठ घरांतील महिन्याचे गणित बिघडू शकते, इतके हे साधे आणि गंभीर आहे.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘काळजी नको, बॅकअप आहे.’ खरी परीक्षा येथूनच सुरू होते. सर्व्हर बिघडणे हे पहिले संकट झाले. बॅकअपमधून तो परत उभा करण्याचा प्रयत्न फसणे हे दुसरे, आणि पहिल्याहून मोठे. कारण पहिल्या संकटात आशा शिल्लक असते. दुसऱ्यात घाई, घबराट आणि परस्परांवर दोषारोप सुरू होतात. त्या घाईत मूळ डिस्कवरच पुन्हा लिहिले जाते आणि वाचू शकणारी माहितीही हातची जाते.

ही अडचण केवळ लहानांची आहे असे समजण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर क्षेत्रातील नामवंत कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याकडून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील माहितीसाठा पुसला गेला. जवळपास ३०० गिगाबाइट माहितीपैकी साडेचार गिगाबाइट उरली. बॅकअपच्या अनेक सोयी कंपनीकडे होत्या. प्रत्यक्षात दररोजचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे अपयशी ठरत होता आणि त्या अपयशाची सूचना देणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. त्यामुळे कोणाला काही कळलेच नव्हते. अखेर सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत उपयोगी पडली. त्या सहा तासांतील माहिती कायमची गेली. बॅकअप परत उभा राहतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी कोणा एकावर सोपवलेलीच नव्हती, अशी कबुली कंपनीने जाहीर अहवालात दिली. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळणाऱ्या कंपनीची ही स्थिती असेल, तर हिशेबनिसाच्या टेबलाखाली ठेवलेल्या बाह्य डिस्कवर किती भरवसा ठेवायचा?

दुसरी अडचण अधिक तांत्रिक आहे, पण मालकानेही ती समजून घ्यायला हवी. सर्व्हर परत सुरू झाला म्हणजे नेटवर्क परत सुरू झाले असे होत नाही. अनेक कार्यालयांत ‘डोमेन कंट्रोलर’ नावाचा सर्व्हर असतो. कोण कर्मचारी आहे, त्याला कोणती फाईल उघडता येईल, कोणता संगणक आपला आणि कोणता परका, याची नोंदवही त्याच्याकडे असते. प्रत्येक संगणकाचा या सर्व्हरशी एक गुप्त पासवर्ड ठरलेला असतो आणि तो साधारणपणे दर तीस दिवसांनी आपोआप बदलतो. काही महिन्यांपूर्वीची प्रत आणून बसवली, की सर्व्हरकडे जुने पासवर्ड आणि संगणकांकडे नवे, अशी स्थिती होते. सर्व्हर सुरू दिसतो, पण कोणालाच आत घेत नाही. मग एकेक संगणक पुन्हा जोडत बसावे लागते. दोन डोमेन कंट्रोलर असतील आणि त्यांतील एक चुकीच्या पद्धतीने जुन्या प्रतीवरून उभा केला, तर दोघांच्या नोंदी जुळेनाशा होतात. नेहमीच्या मांडणीत १८० दिवसांहून जुनी प्रत तर या कामासाठी वापरण्याजोगीच राहत नाही. फसलेल्या पुनर्स्थापनेनंतर ‘सर्व काही आहे, पण काहीच चालत नाही’ असा जो अनुभव येतो, त्याचे मूळ अनेकदा येथे असते.

या नोंदवहीचे मोल किती, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही दिसले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला गाठले. न्हावा शेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्स ही त्याच समूहाची असल्याने जेएनपीटीतील कंटेनरची वाहतूकही विस्कळीत झाली. मर्स्ककडे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते आणि ते सारे परस्परांशी जोडलेले होते. एक गेला तर दुसरा आहे, हा विचार त्यामागे होता. सगळे एकाच वेळी जातील, ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती. नेमके तेच घडले. बचावला तो घाना देशातील एकमेव सर्व्हर, आणि तोही कशामुळे, तर हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती म्हणून! इंटरनेटवरून ती माहिती पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर त्यांच्यापैकी एकाने नायजेरियात जाऊन हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली आणि ती विमानाने ब्रिटनला पोहोचली. त्यानंतर दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारले गेल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्याला या कथेची गंमत वाटेल. पण वीज जाण्याच्या भरवशावर कोणी कारखाना चालवू शकत नाही.

मग पुनर्स्थापना फसल्यावर करायचे काय? जाणकारांचा पहिला सल्ला थांबण्याचा असतो. मूळ डिस्क बाजूला काढावी, तिची प्रत करावी आणि पुढील सारे प्रयोग प्रतीवर करावेत. विषाणूचा संशय असेल तर नेटवर्क तोडावे आणि बॅकअपमध्येच विषाणू दडलेला नाही ना, हे पाहावे. त्यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी ओळखीची नोंदवही, मग हिशेब आणि बिले, मग उत्पादनाच्या फायली, शेवटी ई-मेल आणि इतर गोष्टी. गरज पडल्यास जुने नेटवर्क जिवंत करण्याचा हट्ट सोडून नवे उभारावे आणि त्यात केवळ माहिती आणावी. पंचवीस-तीस संगणकांच्या कार्यालयात हा मार्ग अनेकदा कमी वेळाचा ठरतो.

येथे एक दिलासा आहे, ज्याचा विचार फारसा होत नाही. हरवलेल्या माहितीचा बराच भाग दुसऱ्या कोणाकडे तरी असतो. विक्रीची विवरणपत्रे आणि खरेदीची माहिती जीएसटीच्या पोर्टलवर, देण्याघेण्याच्या नोंदी बँकेत, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा संबंधित संघटनेकडे आणि मागणीपत्रे ग्राहकांकडे असतात. त्यांच्या आधारे खातेवही पुष्कळशी पुन्हा रचता येते. मात्र यंत्रांचे प्रोग्रॅम, रंगांची आणि रसायनांची प्रमाणे, स्वतः केलेली रेखाचित्रे, औषधनिर्मितीतील बॅचच्या नोंदी यांची प्रत जगात दुसरीकडे कोठेही नसते. आपल्याकडे बॅकअप घेतला जातो तो प्रामुख्याने हिशेबाचा, कारण करखाते आणि लेखापाल त्याची आठवण करून देतात. वास्तविक ज्याची प्रत दुसऱ्या कोणाकडेही नाही, त्याची सर्वाधिक काळजी घ्यायला हवी.

काळजी म्हणजे केवळ दुसरी डिस्क नव्हे. ती दुसऱ्या ठिकाणी असली पाहिजे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण आकार प्रचंड असल्याने तिचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गत. त्याच आठवड्यात सोलापूर जिल्हा सीना नदीच्या पुराशी झुंजत होता आणि सोलापूर-पुणे महामार्गावर लांबोटीजवळ वाहतूक थांबवावी लागली होती. पुण्याहून तंत्रज्ञ येईल आणि सर्व्हर दुरुस्त करील, या भरवशावर असलेल्या कारखान्यांनी त्या दिवसांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सर्व पासवर्ड एकाच बाहेरच्या माणसाच्या डोक्यात असणे, हाही पुराइतकाच मोठा धोका आहे.

सरकारी पातळीवर नियम नाहीत असे नव्हे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार कंपन्यांना आपल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावा लागतो. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे निर्देश ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिले. परंतु हिशेबवह्यांचा हा नियम बॅकअप ठेवायला सांगतो, तो उभा करून दाखवायला सांगत नाही. शिवाय तो कंपन्यांसाठी आहे. भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीवर चालणाऱ्या उद्योगांना तो लागू होत नाही, आणि सोलापुरात अशा उद्योगांची संख्या कमी नाही.

याला उपाय चिंचोळीतील रसायन उद्योगाच्याच नित्यक्रमात सापडतो. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साठा असलेल्या कारखान्यांना आपत्कालीन आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. भोंगा वाजतो, कामगार ठरलेल्या जागी जमतात, किती मिनिटे लागली याची नोंद होते. अशीच तालीम सर्व्हरची का होऊ नये? साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एक रिकामा संगणक घ्यावा, बॅकअपमधून त्यावर सर्व काही उभे करावे, एक बिल काढून पाहावे, एका यंत्राचा प्रोग्रॅम उघडून पाहावा आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे. पहिल्या तालमीत बहुधा काहीतरी फसेल. ते फसावे यासाठीच ती असते.

प्रत्येक लहान कारखान्याला अतिरिक्त यंत्रसामग्री परवडणार नाही. मात्र उद्योजकांच्या संघटनेने एक सामायिक सर्व्हर आणि जागा ठेवली, सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना गोपनीयतेच्या अटींवर या तालमीत सामील करून घेतले आणि २०२१ चा कटू अनुभव गाठीशी असलेल्या महामंडळाने त्यात पुढाकार घेतला, तर खर्च फारसा येणार नाही. रस्ते, पाणी आणि वीज या वसाहतीच्या पायाभूत सोयी मानल्या जातात. कारखान्याची स्मरणशक्ती जर सर्व्हरमध्ये असेल, तर तिच्या रक्षणाची सोयही त्याच यादीत यायला हवी. तोवर चिंचोळीतील प्रत्येक मालकाने आपल्या संगणक सांभाळणाऱ्याला ‘बॅकअप घेतला का’ हे विचारणे थांबवून ‘शेवटचा परत उभा करून कधी पाहिला’ एवढे विचारावे. उत्तरात तारीख मिळाली नाही, तर येत्या सुट्टीचा दिवस त्या कामासाठी राखून ठेवावा.