रांजण रंगवू नका!

मागच्या गॅदरिंगला मेन गेटपाशी ठेवलेला वारली चित्रांचा रांजण आठवतोय? ज्याच्या शेजारी उभं राहून निम्म्या हॉस्टेलने फोटो काढून घेतले, तोच. तो आमच्या घरचा. आणि तो मी बिघडवला. या लेखात मला जे म्हणायचंय ते त्या चुकीतूनच सुचलेलं आहे, म्हणून आधी कबुली देऊन टाकतो.

थीम होती 'आपलं गाव'. डेकोरेशन कमिटीत कोणी बैलगाडीचं चाक आणलं, कोणी कंदील. मी गावी जाऊन पडवीतला रांजण आणला. सहा-सात घागरी पाणी मावणारा, बुडाकडून वीतभर जमिनीत रुतलेला. आजी लग्न होऊन आली तेव्हाही तो तिथेच होता आणि तेव्हाही जुनाच होता, असं ती सांगते. मी आणि चुलत भावाने भोवतालची माती उकरून तो काढला, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत घातला. इथे आल्यावर सगळ्यांचं एकच मत पडलं, "फारच प्लेन आहे रे, काहीतरी कर याचं!" मग काय, गेरूच्या रंगाच्या ऑइल पेंटचे दोन हात, आणि त्यावर पांढरी नाचणारी माणसं. वारली चित्रं ठाणे-पालघरकडची, आमच्या गावात ती कोणी काढत नाही. पण गॅदरिंगच्या गडबडीत एवढा विचार कोण करतो? डेकोरेशनला बक्षीसही मिळालं.

मे महिन्यात गावी गेलो. रांजण परत जागेवर बसवला होता, पाणी भरलेलं होतं. उन्हातून आलो, तांब्या बुडवला, घोट घेतला, तर पाणी कोमट! आजी म्हणाली, "त्यो पाझरंना झालाय आता. घाम न येनाऱ्या मान्सावानी तापतोय बग."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाला हीट ट्रान्सफरचा अख्खा धडा आजीने एका वाक्यात शिकवला. भाजलेल्या मातीच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे शंभर लिटरपैकी एकच लिटर उडून गेलं, आणि बाहेरची उष्णता आत येण्याचा हिशेब सोडला, तर उरलेलं पाणी पावणेसहा अंशांनी थंड होतं. परीक्षेत हे गणित मी बरोबर सोडवलं असतं. पण हातात ब्रश असताना ती छिद्रं मीच बुजवली. रॉकेलने पुसलं, काचेच्या तुकड्याने खरवडलं. वरचा रंग निघाला, आत मुरलेला निघाला नाही.

आता मुद्द्यावर येतो. रांजण 'प्लेन' आहे असं आपल्याला का वाटलं? कारण कला म्हणजे वस्तूवर वरून चिकटवलेलं चित्र, असं आपण धरून चाललोय. एवढं मोठं भांडं चाकावर एका दमात उभं राहत नाही. ते भागाभागाने वाढवायचं, आतून गोळा धरायचा, बाहेरून थापटण्याने ठोकत भिंत सगळीकडे सारखी करत न्यायची. संत गोरोबाकाकांच्या गोष्टीतलं थापटणं ते हेच. ठोका जोरात पडला तर भिंत फाटते, हळू पडला तर जाड राहते. गोल पोटामुळे पाण्याचा दाब सगळीकडे वाटला जातो, आणि रुतलेल्या बुडाला जमीन आधार देते. आमच्या रांजणाच्या गळ्याभोवती अंगठ्याच्या ठशांची एक ओळ होती. बलुतेदारीत वर्षाच्या धान्यावर काम करणाऱ्या त्या कुंभाराने नाव कुठेच लिहिलेलं नाही. तेवढीच त्याची सही. त्यावर मी ऑइल पेंट फासला!

गॅदरिंगला आलेल्या एका गृहस्थांनी मला त्या रांजणाचे चार हजार देऊ केले होते. "लॉबीत छान दिसेल," म्हणाले. बाबा म्हणाले देऊन टाक. आम्ही दिला नाही. पण जो देतो त्याला मी नावं ठेवणार नाही. घरात नळ आलाय, फ्रिज आलाय, पडवी पाडून स्लॅब टाकायचाय. रांजण ठेवायचा कुठे? पितळेचं भांडं निदान मोडीत तरी जातं, मातीचं उकिरड्यावर जातं. तेव्हा कोणी जुने रांजण, डेरे, उतरंडीची मडकी जमवत असेल तर उत्तमच. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते त्यांनी जमवलं म्हणून आज आपल्याला बघायला मिळतं.

माझी तक्रार फक्त गोष्ट मागे ठेवून भांडं उचलणाऱ्यांबद्दल आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन-दोन मडक्यांमध्ये लहान मुलं पुरलेली सापडली. मडकी कुठे, कशी, कशाशेजारी होती याची नोंद झाली, म्हणून त्या आईबापांचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं. तीच मडकी कोणी गुपचूप उकरून शोकेसमध्ये मांडली असती, तर नुसती दोन मडकी दिसली असती.

म्हणून जमवणाऱ्यांना चारच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. उचलण्याआधी भांड्याचा जागेवर फोटो काढा. कोणत्या गावचं, कोणी घडवलं, त्यात पाणी होतं की ज्वारी की राखेत ठेवलेलं बियाणं, हे घरातल्या म्हातारीला विचारून लिहून ठेवा. घासूनपुसून चकचकीत करू नका आणि रंग तर अजिबात नको. काजळी आणि क्षारांचे डागसुद्धा त्याचा इतिहासच आहेत. आणि जमिनीतून उकरलेलं जुनं काही विकायला आलं तर घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, १९७२ चा कायदाच आहे.

ज्यांना जमवायचं नाही त्यांच्यासाठीही काम आहे. एन.एस.एस.च्या कॅम्पला आपण खेड्यात जातोच. टेप घ्या, एका घरातल्या मातीच्या भांड्यांची मापं घ्या, सेक्शनल व्ह्यू काढा. ड्रॉइंगच्या शीटवर नट-बोल्ट काढून कंटाळलेल्या हातांना बरं वाटेल. आणि रेक्टर सरांना एक नम्र विनंती. यंदा मेससमोर नवा कोरा रांजण ठेवू या, चालू कामाच्या कुंभाराकडून, तो सांगेल त्या भावाने घेतलेला. जुना जपणं चांगलंच, पण नवा घडवणाराच उरला नाही तर जपून तरी काय उपयोग?

आमच्या रांजणात आता आजी ज्वारी भरते, वर कडुलिंबाचा पाला घालते. "पान्याचा नाय तर दान्याचा," म्हणते. मला ओरडली नाही. पण मे महिन्यात पाणी प्यायला ती शेजारच्या काकूंकडे जाते, ते मी पाहिलंय.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी